फटाक्याने हिरावलेली दृष्टी, मिरजेने दिलेला सूर

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी, म्हणजे लोकांच्या तोंडची नरसोबाची वाडी, दत्तजयंतीला भाविकांनी फुलून जाते. एकोणिसाव्या शतकातही ती अशीच फुलत असे. १८८०च्या दशकात दत्तजयंतीच्या अशाच एका उत्सवात कुरुंदवाडच्या एका शाळकरी मुलाच्या तोंडाजवळ फटाका फुटला आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांना जबर इजा झाली. तातडीच्या उपचारांची सोय जवळपास नव्हती. काही काळ तर त्याची दृष्टी पूर्णच गेली. दीर्घ उपचारांनंतर ती काही अंशी परत आली. पण पुस्तकात डोळे घालून शिकण्याचा मार्ग त्या दिवशी बंद झाला तो कायमचाच. हा मुलगा म्हणजे हिंदुस्थानी संगीताला दरबारातून आणि कोठ्यांतून बाहेर काढून शाळेत, सभागृहात आणि राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर नेणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

विष्णु दिगंबरांविषयी लिहिताना हा अपघात बहुधा दोन ओळींत आटोपला जातो आणि लेखणी लगेच गायनाकडे वळते. परंतु डोळा अधू झालेल्या मुलाच्या वाट्याला त्या काळी काय येत असे, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढे मिरजेत जे घडले त्याचे मोल कळत नाही.

गाडगीळांचे पलुसकर

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. आज हे पलूस सांगली जिल्ह्यात आहे. मात्र विष्णु दिगंबरांच्या हयातीत सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. सातारा हा ब्रिटिश मुलखातील जिल्हा आणि त्याला लागून सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी पटवर्धनांची संस्थाने, अशी या भागाची घडी होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कुरुंदवाड मात्र कोल्हापूर जिल्ह्यात गेले.

वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. त्यामुळे गाणे घरात होतेच. पण ते कीर्तनातले, देवापुढचे गाणे. मुलाने शाळा शिकावी, संस्थानात कोठे तरी चाकरीस लागावे, हीच त्या घरची स्वाभाविक अपेक्षा असणार. फटाका फुटला तो या अपेक्षेवर.

डोळ्यातले फूल

डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्यावरचा वरवरचा ओरखडा दोन-चार दिवसांत भरून येतो. जखम खोल असेल तर तीही भरते, पण त्या जागी उरणारा व्रण काचेसारखा नितळ राहत नाही. तो पांढुरका, दुधाळ होतो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. नाव मोठे देखणे, गोष्ट मात्र क्रूर. फटाक्याच्या इजेत भाजण्याबरोबर दारूचे बारीक कणही या पडद्यात रुतून बसू शकतात.

त्या काळी गावोगावी अशी फुले पडलेले डोळे दिसत. देवीच्या साथीत वाचलेल्या अनेकांचा एखादा डोळा असा गेलेला असे. कुपोषणामुळे अ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊन लहान मुलांची पारपटले विरघळत. शेतातील इजा हे तर आजही टळलेले कारण नाही. सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात पाचटाची धारदार कड किंवा भाताचे कूस डोळ्याला लागते, जखमेत बुरशी शिरते, घरगुती औषधांत चार दिवस जातात आणि मग डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

मराठीत दिसणे हे एकच क्रियापद दोन अर्थांनी चालते. आपल्याला जग दिसते आणि आपण जगाला दिसतो. डोळ्यात फूल पडलेल्या माणसाचे दोन्ही बिघडते. नजर जाते ती एक आणि समोरच्याची नजर त्या पांढऱ्या ठिपक्यावर खिळते ती दुसरी. लग्न जमेना, शुभकार्यात पुढे येऊ नये असे सुचवले जाई, आणि टोपणनाव तर शाळेतच मिळून जाई.

वैद्यकाने या दुसऱ्या दुःखावर फार जुन्या काळापासून उपाय शोधला आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याच्या नावावर पांढऱ्या व्रणाला डाग देऊन त्यावर मायफळ आणि तांब्याचा क्षार वापरून तो काळा करण्याची कृती सांगितली जाते. नंतर अनेक शतके हा उपाय विस्मरणात गेला. १८६९च्या सुमारास पॅरिसमधील नेत्रशल्यविशारद लुई द वेकर यांनी तो नव्या रूपात आणला. पारपटलाच्या व्रणात सुईने काळी शाई टोचायची, म्हणजे गोंदायचेच, आणि पांढऱ्या डागाच्या जागी काळ्या बाहुलीचा भास निर्माण करायचा. आपल्याकडे कपाळावर, हातावर गोंदून घेणे घरोघरी होते. तेच युरोपातले डॉक्टर डोळ्यावर करू लागले. गंमत अशी की, ज्या शाईने हे काम होई तिला आपण चिनी शाई म्हणतो आणि युरोपात ती इंडियन इंक या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकात सोने आणि प्लॅटिनम यांच्या क्षारांनी व्रण काळा करण्याची पद्धत आली. पुढे रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स आणि कृत्रिम डोळ्याचे कवच उपलब्ध झाल्यावर गोंदणे मागे पडले, तरी ते संपले नाही. ज्या डोळ्यात दृष्टी परत येण्याची आशा उरलेली नाही आणि ज्याला लेन्स सोसत नाही, अशा डोळ्यासाठी नेत्रतज्ज्ञ आजही त्याचा विचार करतात. काही वेळा बुबुळाचा रंगीत भाग नष्ट झाल्यामुळे उजेडाची तिरीप सहन होत नसेल तर तेथेही ते उपयोगी पडते. रंग काही वर्षांनी फिका पडतो, पुन्हा टोचावा लागतो, जंतुसंसर्गाचा आणि जखम लवकर न भरण्याचा धोका असतो. अलीकडे लेसरच्या साह्याने पारपटलात पोकळी करून रंग भरला जातो आणि परदेशांत धडधाकट डोळ्यांचा रंग केवळ हौसेसाठी बदलण्याकरिताही तो वापरला जाऊ लागला. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा हौशी वापराविरुद्ध इशारा दिला आहे.

तेव्हा विष्णूच्या लहानपणी हे तंत्र जगात होते. ते नरसोबाच्या वाडीपर्यंत पोहोचण्याची शक्यता नव्हती, आणि पोहोचले असते तरी त्याने नजर आली नसती. व्रण झाकणे एवढेच त्याचे सामर्थ्य. थेंब टाकून डोळा बधिर करण्याचा शोधही १८८४ सालचा, म्हणजे डोळ्यावरची कोणतीही शस्त्रक्रिया तोवर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला हातपाय धरूनच सोसावी लागे.

डॉक्टरांचा सल्ला

विष्णूला उपचारांसाठी मिरजेस नेण्यात आले. मिरज ही पुढे वैद्यकनगरी म्हणून प्रसिद्धीस आली खरी, पण डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय तेथे सुरू झाले ते १८९४ मध्ये. विष्णू आला तेव्हा ते नव्हते. त्याच्यावर उपचार केले ते डॉ. भडभडे यांनी. नजर पुरेशी सुधारणार नाही हे त्यांना दिसत होते, त्याचबरोबर मुलाचा गळाही त्यांच्या ध्यानात आला होता. या मुलाला गाणे शिकवावे, असा सल्ला त्यांनी दिला. औषधाच्या चिठ्ठीवर न मावणारा हा उपाय मराठी संगीताच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला.

हा सल्ला आज जितका सुंदर वाटतो तितका तेव्हा तो ऐकणाऱ्यांना वाटला असेल असे नाही. दृष्टिहीनाने गावे, ही रीत जुनीच. पण देवळाच्या पायरीवर बसून भजन म्हणणारा आणि मैफलीत गाणारा गवई या दोघांनाही समाजात मान बेताचाच होता. कीर्तनकाराला पाट मिळे, गवयाला बिदागी मिळे; पाट मिळेलच याची खात्री नसे.

मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे कष्टाने विद्या मिळवून ती महाराष्ट्रात आणणारा हा गुरू. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी मुलाला आश्रय दिला आणि त्याची तालीम सुरू झाली. ही विद्या कानाने घ्यायची होती. पाटी नाही, पुस्तक नाही. गुरूने म्हणायचे, शिष्याने उचलायचे. चुकले की पुन्हा, आणि साधेपर्यंत तेच. शाळेने ज्या मुलाला बाहेर ठेवले असते त्याला गुरूच्या घरात कोणतीच अडचण नव्हती. रियाज, गुरुसेवा आणि पुन्हा रियाज असा १८९६ पर्यंतचा काळ मिरजेत गेला.

गुरूला नसलेले निमंत्रण

या काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. मिरजेतील एका समारंभाला गावच्या प्रतिष्ठितांना बोलावणे होते. राजाश्रयातला म्हणून विष्णूला निमंत्रण आले, त्याच्या गुरूला मात्र आले नाही. विचारणा करता, ते गवई आहेत, त्यांना कशाला, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्यांच्यापुढे आपण रोज वाकतो त्या माणसाला गावाच्या लेखी किंमत नाही, हे शिष्याला कळले ते असे.

दिसण्याचा प्रश्न येथे वेगळ्या रूपात उभा राहतो. बाळकृष्णबुवांच्या गाण्यात काहीही उणे नव्हते. उणे होते ते पाहणाऱ्यांच्या नजरेत. विष्णु दिगंबरांच्या पुढच्या पस्तीस वर्षांतील बहुतेक खटाटोप या नजरेशी झगडण्याचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१८९६ मध्ये गुरुशिष्यांत बेबनाव झाला आणि दोघा सोबत्यांसह विष्णु दिगंबर मिरजेबाहेर पडले. राजाश्रय सोडून, अधू नजरेनिशी, जवळ पैसा नसताना. औंध आणि सातारा हे पहिले मुक्काम. जिल्ह्याच्या या गावांनी त्यांचे गाणे ऐकले, नावाजले आणि पुढची वाट मोकळी करून दिली. नंतर बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा. राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. गाणे राजवाड्यात किंवा देवळात व्हायचे, तिकीट काढून कोण ऐकणार, हा त्या वेळचा समज. पण तिकीट काढणारा श्रोता गवयाला आश्रय देत नसतो, दाम मोजून ऐकत असतो. त्यामुळे दोघांमधले नातेच बदलते. या एका गोष्टीचे महत्त्व पुढे सगळ्याच कलावंतांना कळले. मथुरेत राहून त्यांनी ब्रजभाषा जाणून घेतली, कारण जे गातो त्याचा अर्थ कळला पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता.

लाहोर ते सँडहर्स्ट रोड

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा. वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा, पदवीदान, सारे शाळेसारखे. घरंदाज मुलामुलींना गाणे शिकण्यासाठी येथे पाठवता येईल, असा विश्वास पालकांना वाटावा म्हणून शिस्तीवर भर होता. याशिवाय उपदेशक वर्ग होता. त्यात विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्यासह विनामूल्य शिक्षण मिळे आणि त्या बदल्यात त्यांनी अनेक वर्षे संस्थेशी बांधून घ्यायचे, पुढे गावोगावी जाऊन शिकवायचे.

शिकवायचे तर लिहून काढणे आले. विष्णु दिगंबरांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली आणि क्रमिक पुस्तकांची मालिका काढली. ज्याचे डोळे पुस्तक वाचण्यासाठी पुरेसे उरले नव्हते आणि ज्याने सारी विद्या कानाने मिळवली, त्यानेच ती कागदावर उतरवण्याचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट विलक्षण आहे. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धती सुटसुटीत असल्याने तीच अधिक रूढ झाली. पलुसकरांची पद्धती तालाच्या बारकाव्यांत काटेकोर, पण वापरायला अवघड.

१९०५ च्या डिसेंबरमध्ये, विष्णु दिगंबर लाहोरला वर्ग चालवीत असताना, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ओलोमुट्स या गावी एदुआर्त झिर्म या डॉक्टरांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पारपटलाचे रोपण केले आणि ते टिकले. माणसाच्या पारपटलाचे हे पहिले यशस्वी रोपण मानले जाते. व्रण झाकण्याऐवजी तो काढून त्या जागी नितळ पडदा बसवायचा, हा मार्ग तेथून खुला झाला. भारतात तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला आणखी कित्येक दशके जावी लागली. नरसोबाच्या वाडीतील त्या मुलाला त्याचा लाभ होण्याचा प्रश्नच नव्हता.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि हळूहळू संस्थेचे केंद्रच मुंबईला आले. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. छापखाना, वाद्ये तयार करण्याचा कारखाना, वसतिगृह, असा व्याप वाढत गेला. तो वाढला कर्जावर. जलसे करून कर्ज फेडायचे आणि फेडता फेडता नवे काढायचे, हा क्रम फार दिवस चालणार नव्हता. अखेर १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. हिशेबात ते कच्चे होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

त्यांच्यावर आणखीही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून तेथे भक्तिपर शब्द घालण्याचा त्यांचा प्रघात होता. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देताना त्यांनी त्याला भक्तीचा जो एकच रंग दिला, त्यात ज्या मुसलमान उस्तादांनी आणि गाणाऱ्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या जपली त्यांचे ऋण झाकले गेले, असे नव्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. झाकण्याचाही एक गुण-दोष असतो. गवयाकडे पाहण्याची नजर बदलली, पण कोणत्या गवयाकडे, हा प्रश्न उरलाच.

रामनाम आणि राष्ट्रीय सभा

इमारत गेल्यानंतर विष्णु दिगंबर नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. भगवी वस्त्रे, तुलसीरामायणाची प्रवचने, रामधून, हेच मुख्य काम झाले. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना अनेक वर्षे मिळत होता. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीताला हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती न मानता गीत पूर्ण केले. रघुपति राघव राजाराम या धूनीची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमासाठी गायक हवा होता तेव्हा त्यांनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. खरे १९३० च्या दांडीयात्रेतही होते.

शिष्य हीच त्यांची खरी मिळकत. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, ज्यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, मिरजेचेच प्रा. बी. आर. देवधर, ज्यांच्याकडे पुढे कुमार गंधर्व घडले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास. आणि बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे शिक्षण उभे करणारे ओंकारनाथ ठाकूर. घरी मात्र नियतीने फार निर्दयपणा केला. बारा अपत्यांपैकी एकच मुलगा जगला. तो दत्तात्रेय, १९२१ मध्ये जन्मलेला. त्याचे नाव दत्ताचे, आणि वडिलांचे डोळे गेले होते ते दत्तजयंतीलाच. श्रद्धाळू माणसाचे दैवताशी असलेले नाते असे सरळ हिशेबाचे नसते.

प्रकृती ढासळल्यावर विष्णु दिगंबर मिरजेला परतले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांकडून थेट तालीम त्याला फारशी मिळाली नाही. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला घडवले. द. वि. पलुसकर या नावाने त्याने अवघ्या तरुण वयात कीर्ती मिळवली, १९५२ च्या बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेत गायला आणि १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला.

गुरूच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या प्रवेशिकेपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना देशभरातील मुले बसतात. मंडळाचे एक केंद्र मिरजेत आहे.